सुगाया तोकिएबाई यांनी तीन गाड्यांवर स्वारी करून छपराखालची जागा फत्ते केली, त्याची हकिगत

हामामात्सु शहरीं आठव्या गल्लीचे कारभारी, कचऱ्याच्या वारांचे नियंते, भूकंपाच्या कवायतीचे सेनानी, साहेबांचे सेवेसी अर्ज ऐसा जे, साहेबी घरोघर फिरणाऱ्या सूचनेच्या फळीवर पुसिले की, सुगाया यांचे दारी छपराखालची जी जागा, जेथे पूर्वी लहान मालमोटार उभी राहत असे, आणि जी मागाहून सत्तर वर्षांच्या बोन्साय पाइन वृक्षास मिळणार ऐसी गल्लीत बोलवा होती, तेथे आता पांढरी दुचाकी उभी दिसते, आणि वृक्ष भिंतीकडेला उघड्यावर दिसतो, तरी हे स्थलांतर कोणत्या लढाईने जाहले, कोण पडले, कोण उठले, आणि कसूर कोणाचा ठरला, ते यथास्थित लिहून पाठवावे. आज्ञा शिरसावंद्य. जे डोळां पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले आहे, आणि जे किनुयोबाईंच्या तोंडून ऐकिले ते निमपट करून लिहिले आहे.

तरी मूळ ऐसे. सुगाया तोकिएबाई म्हणजे उंचीने एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर, वयाने अठ्ठावन्न, आणि दंडाने दोन पुरुषांस भारी. कारण एकतीस वर्षे शाळांच्या मुदपाकखान्यात बाराशे पोरांचे मिसोचे सार वल्ह्याएवढ्या लाकडी उलथण्याने ढवळिले. रोज पहाटे पाचास सायकलीवरून कामास जाताना वाटेत दुचाकींच्या एका कारखान्याची लांब भिंत लागे, आणि भिंतीपलीकडे नव्या गाड्या पळवून पाहत त्यांचा आवाज येई, आणि बाई एकतीस वर्षे आवाज ऐकत भिंत पाहत गेल्या, गाडी कधी दिसली नाही. मग गेल्या साली नोकरीचा निरोप घेतला, आणि निरोपाची फुले पाण्यात ठेविली न ठेविली तोच थोरल्या दुचाकीच्या परवान्यासाठी शिकवणीच्या मैदानी दाखल जाहल्या. तेथे दस्तूर ऐसा की, आधी आडवी पडलेली दोनशे किलोंची गाडी एकट्याने उभी करून दाखवावी, मगच नाव लिहून घ्यावे. शिकवणारे बाईंची उंची पाहून खुर्ची आणावयास गेले, आणि खुर्ची घेऊन परतले तेव्हा गाडी उभी होती.

आता घरचे धनी, सुगाया मासुजी. यांस आम्ही मासुजीपंत म्हणतो, कारण चौतीस वर्षे विमा कंपनीत अपघातांच्या निवाड्याचे काम केले. दोन गाड्या कोठे भिडल्या की पंतांनी फीत आणि वही घेऊन जावे, अंतरे मोजावी, साक्षी घ्याव्या, आणि शंभरापैकी कसूर कोणाचा किती ते वाटून द्यावे: याचा सत्तर, त्याचा तीस. ही सवय घरीही सुटली नाही. चहाचा पेला फुटला तरी, काठावर ठेवणाराचा साठ आणि कोपर लावणाराचा चाळीस, ऐसे नोंदून मगच काचा गोळा करीत. हाताखालच्या नव्या लोकांस ते दोन वचने सांगत आणि दरसाल नववर्षाच्या जेवणात पाहुण्यांसही ऐकवीत. पहिले वचन, अपघाताचे जागी कोणापुढे वाकू नये, वाकणे म्हणजे अर्धी कबुली. दुसरे वचन, अपघाताचे जागी समोरचा विनयाने जे बोलेल ते कबुली म्हणून लिहू नये, कारण आपल्या लोकांस माफी मागितल्याखेरीज श्वास घेता येत नाही.

पंतांस वडिलांकडून काळ्या पाइनचा एक बोन्साय आला होता. गेल्या वादळात त्याची पूर्वेची फांदी मोडली, आणि पंत त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणोन मालमोटार विकली तेव्हा पंतांनी तजवीज केली की मोकळ्या जाहलेल्या छपराखाली वृक्षास आसरा द्यावा. आणि त्याच रात्रीच्या जेवणात बाईंनी मासा परतता परतता कळविले की, परवाना हाती आला आहे, त्या जागी आपण दुचाकी आणणार, आणि तीही खेळाडू जातीची, पुढे वाकून चालवायची ती. पंतांच्या काड्यांतला मुळ्याचा तुकडा खाली पडला. जागा एक, दावेदार दोन, आणि दोघांचाही दावा खरा.

नऊ दिवस वाटाघाटी चालल्या. पंतांचे म्हणणे ऐसे की, ज्या गाडीवर बसून पाय भुईस पोहोचत नाहीत ती गाडी चालविणे म्हणजे पडण्याची तारीखच तेवढी ठरवायची राहिली. बाईंचे म्हणणे ऐसे की, चालती गाडी पडत नाही. पंत म्हणाले की चौतीस वर्षांत पाहिले ते ऐसे की पडणारे निम्मे लोक उभ्या गाडीवरूनच पडतात. मग दहावे दिवशी दिनदर्शिकेच्या पाठीमागे तहनामा लिहिला तो येणेप्रमाणे: अकराव्या महिन्याचे तिसरे दिवशी हामाना सरोवराकाठी गाड्या चालवून पाहण्याचा मेळा आहे, तेथे तोकिएने तीन गाड्या चालवाव्या, तिन्हींत एकही गाडी तोकिएच्या कसुराने भुईस टेकली नाही, तर छपराखालची जागा तोकिएची, टेकली, तर जागा वृक्षाची, आणि दुचाकीचा विषय या घरात पुन्हा निघू नये. दोघांनी शिक्के उठविले. यात ‘तोकिएच्या कसुराने’ हे शब्द पंतांनी स्वतः घातले. बाईंनी मागितले नव्हते. पण कसुराचे कलम नसलेल्या कागदावर पंतांचा हात शिक्का उठवीना. ही नोंद वाचणारांनी ध्यानी ठेवावी.

मग रेइवा शकाचे सहावे साल, अकरावा महिना, तृतीया, रविवार, या शुभदिनी खाशी स्वारी किनुयोबाईंच्या गुलाबी मोटारीतून, या लेखकास मागल्या बैठकीवर घेऊन, कूच करती जाहली. किनुयोबाई म्हणजे नाक्यावरच्या केशकर्तनालयाच्या मालकीण, तोकिएबाईंच्या शाळासोबतीण, आणि जेथे जीभ चालविण्याचे काम पडेल तेथे एकट्याच पलटण. सोबत रसद: उमेबोशी, म्हणजे खारवलेली आंबट फळे, भरलेले भाताचे गोळे नऊ, मिक्काबीची संत्री एक जाळी, गरम चहाचा थर्मास एक. पंतांनी घडीचे स्टूल, वही आणि मोजमापाची फीत घेतली. वाटेत ते एकदाच बोलले, की फीत सवयीने घेतली आहे, कोणी मनाला लावून घेऊ नये.

सरोवराकाठी पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता आणि तंबूंची कापडे फडफडत होती. मेळ्याचे मुख्य आमानो म्हणून एक गाड्यांचे दुकानदार, हसतमुख आणि घाबरट. त्यांचे बिनीवाले कोगुरे, यांचा हुकूम ऐसा की आपण पुढे चालणार, मागून पाच स्वारांनी एका रांगेत यावे, कोणी पुढे काढू नये, चाळीसाच्या वर काटा नेऊ नये, आणि सरोवराकाठून दोन फेरे घालून परत यावे. आणि फाटकाशी चोपदार, गुनजी म्हणून एकाहत्तर वर्षांचे वृद्ध, पांढरे हातमोजे, हाती लाल दांडा. निघणाऱ्या हरएक स्वारास ते कमरेतून वाकून मुजरा करीत, आणि परतणाऱ्यास त्याहून खोल. पंतांनी दोराबाहेर, गाड्या थांबत त्या रेषेच्या उजवे हातास, पश्चिमेकडे तोंड करून स्टूल मांडिले, आणि बसता बसता गुनजींचे मुजरे मोजावयास लागले. अकरापर्यंत एकशे अठ्ठेचाळीस भरले.

पहिली गाडी इकाझुची, म्हणजे मेघगर्जना. एक हजारी, काळी, दोनशे घोड्यांचे बळ, बैठक कमरेहून वर. बाईंनी वर चढण्यास रिकाबीसारखी पायटेकणी वापरिली, आणि बैठकीवरून अर्धे अंग डावीकडे उतरवून डाव्या पायाचा चवडा कसाबसा भुईस लाविला. उजवा पाय हवेत. मग हातांचा विचार, तर हातमुठी गुडघ्यांच्या पंगतीस, म्हणोन अवघे शरीर टाकीवर ओणवे, सर्व भार मनगटांवर, आणि मान कासवासारखी वर. आरशांत पाहावे तर स्वतःचीच कोपरे. किंचित मूठ पिळली तर गाडीने ऐसा हिसका दिला की बाईंस एकतीस वर्षांत कोणी दिला नव्हता. मूठ सोडली तर ऐसी थबकली की नाक काचेस लागले. आणि मग दोनशे घोडे बांधिलेली ती मेघगर्जना कोगुरे यांच्या मागे चाळीसाच्या चालीने, पहिल्याच गिअरात, गुरगुरत आणि पोटातल्या पोटात जळत, दोन फेरे चालली. बाई मागाहून म्हणाल्या की, सुमो पहिलवानाला बालवाडीच्या रांगेत हात धरून नेल्यासारखे वाटले, आणि लाज त्यालाच जास्त वाटत होती.

परत येऊन रेषेवर थांबल्या. अर्धे अंग डावीकडे, चवडा भुईस, सर्व नीट. तोच समोर गुनजी कमरेतून वाकले.

आता पाहा, एकाहत्तर वर्षांचा मनुष्य वाऱ्यात उभा राहून आपल्यास इतका वाकतो, आणि आपण पाहत राहावे, हे तोकिएबाईंच्या हाडांत नाही. बाई वाकल्या. आधीच ओणव्या होत्या, त्यात अधिक वाकल्या, तेव्हा हेल्मेट टाकीस टेकले, अंग बैठकीवरून उचलले, चवडा सुटला, आणि मेघगर्जना डावीकडे कलली. कोगुरे धावले, आमानो धावले, दोघांनी मुठी धरिल्या, आणि गाडी अर्ध्या पडण्यात अडली. पंत स्टुलावरून उठले, दोराखालून आत आले, फीत काढून मुठीचे टोक आणि भुई यांतले अंतर मोजिले, आणि वहीत लिहिले.

“बेचाळीस सेंटिमीटर,” पंत म्हणाले. “टेकली नाही. सोडा आता सावकाश.”

ऐसा निवाडा स्वतःच्या दाव्याविरुद्ध देऊन ते स्टुलावर परत बसले. यावरून पंतांचा स्वभाव कळावा.

मग तंबूच्या आडोशास मसलत बसली. किनुयोबाईंनी संत्रे सोलत प्रथम समाचार घेतला.

“अगं, तू गाडीवर बसलीयस की मयताला आलीयस? एवढं वाकतं का कुणी?”

“ते म्हातारे गृहस्थ एवढे वाकतात आणि मी ठोंब्यासारखी बघत बसू?”

“डोळ्यांनी वाक. पापण्या मिटायच्या, उघडायच्या. झालं वाकून. माझ्याकडे केस धुवायला आडव्या झालेल्या बायका तसंच करतात, त्यांना कुठं उठून वाकता येतं?”

तोकिएबाईंनी संत्र्याची एक फोड खाल्ली आणि मान्य केले. परंतु मनास लागून राहिले की, उद्धटपणा करून जागा जिंकावी की सभ्यपणाने हरावी. आणि भिंतीपलीकडचे एकतीस वर्षांचे आवाज आठवले, आणि उद्धटपणाचा पक्ष जड जाहला.

दुसरी गाडी कामाकिरी, म्हणजे खंडोबाचा किडा, तैसीच हिरवी, तैसीच पुढचे पाय जोडून टपलेली. सहाशेची, चार नळकांडी. कंबर बारीक म्हणोन चवडा बरा पोहोचला. हलकी इतकी की बाईंनी उभ्या उभ्या डोलवून पाहिली आणि मान हलविली. परंतु स्वभाव विचित्र. खालच्या चालीत अंगात जोर म्हणून नाही, शाळेच्या घंटेपूर्वीच्या पोरांसारखी मरगळ. आणि काटा एका ठिकाणावर गेला की मग एकाएकी किंचाळणे ऐसे, की जणू घंटा जाहली आणि बाराशे पोरे एकदम मैदानात सुटली. त्यात चाळीसाची मर्यादा, म्हणोन घंटा होऊ द्यायची नाही आणि पोरे धरून ठेवायची, हेच दोन फेरे चालले. शिवाय दोन्ही मांड्यांस ऐसी धग लागली की बाईंस भाताच्या कढईशेजारी उभे राहिल्याचा भास जाहला, आणि त्यांस ते आवडलेही. परंतु वळणाशी मुठी फिरवाव्या तर त्या थोड्या फिरून अडत, आणि मालमोटारीस लागेल इतकी जागा तिला वळावयास लागे. आमच्या आठव्या गल्लीत ही आणिली असती तर रोज कोणाचे तरी फाटक वापरावे लागले असते.

रेषेवर थांबल्या. गुनजी वाकले. बाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या. गाडी काडीभरही हलली नाही. गुनजी वर जाहले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर किंचित उदासी दिसली, आणि बाई हे पाहून आत आत विरघळल्या, परंतु चवडा हलविला नाही. पंतांनी वहीत दुसरी रेघ ओढिली. किनुयोबाईंनी त्यांस भाताचा गोळा देऊ केला, तो त्यांनी घेतला आणि खाल्ला नाही.

तिसरी गाडी त्सुबामे, म्हणजे पाकोळी. सातशेची, दोन नळकांड्यांची, पांढरी, पुढे वाकलेली परंतु माणसाने माणसापुढे वाकावे इतपतच. आमानो सांगू लागले की ही काही मोठ्या नावाची नव्हे, लोक आधी पहिल्या दोन मागतात. बाई चढल्या. चवडा पोहोचला, आणि अर्धा तळवाही पोहोचला. कळ दाबली, आणि इंजिन सुरू जाहले ते किंचाळले नाही, गुरगुरले नाही, तर मोठ्या पातेल्यात सार रटरटू लागते तैसे खालून, दाट, सावकाश. तोकिएबाई काही वेळ निघाल्याच नाहीत. कोगुरे यांनी मागे वळून हात केला, तेव्हा भानावर आल्या.

मग काय वर्णावे. मूठ जितकी पिळावी तितकीच ती पुढे जाई, अधिक नाही आणि उणे नाही. चाळीसाच्या चालीतही तिला लाज वाटेना. वळणाशी बाईंनी जेथे पाहिले तेथे गाडी गेली, हात काही करीत आहेत हे ध्यानीही आले नाही. सरोवरावरून वाऱ्याचा सोटा आडवा आला, तेव्हा गाडी एकवार हलली आणि स्वतःच सावरली. दुसऱ्या फेऱ्यात मोठ्या वळणास बाई कलल्या ऐशा की दोराबाहेरची माणसे बोलावयाची थांबली. आणि हेल्मेटाच्या आत बाई गुणगुणत होत्या, हे कोगुरे यांनी मागाहून सांगितले. रांगेच्या पुढून त्यांस कैसे ऐकू गेले ते पुसिले असता म्हणाले की, आरशात खांदे दिसले, गुणगुणणाऱ्या माणसाचे खांदे वेगळे असतात.

पंत तोवर स्टुलावरून उठून दोरास धरून उभे होते. त्यांच्या मनात काय चालले ते या लेखकास ठाऊक नाही. दिसले ते इतकेच की वही मिटलेली होती, आणि भाताचा गोळा तसाच डाव्या हाती होता.

पाकोळी रेषेवर येऊन थांबली. डावा चवडा भुईस, उजवा पाय पायटेकणीवर. समोर गुनजी आजवरचे सर्वांत खोल वाकले. बाईंनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या. तंबूपाशी आमानो वाकले. पापण्या. कोगुरे वाकले. पापण्या. विजय आता श्वासाएवढा दूर राहिला, आणि किनुयोबाईंनी टाळी वाजवावयास दोन्ही हात वर केले.

तेव्हा उजवीकडून, दोराबाहेरून, मासुजीपंत वाकले.

हातात भाताचा गोळा, टाचा जुळलेल्या, पाठ सरळ, कमरेतून पुरते पंचेचाळीस अंश. आता दप्तर पाहता, लग्नास छत्तीस वर्षे जाहली, आणि या छत्तीस वर्षांत पंत तोकिएबाईंपुढे वाकल्याची नोंद नाही. लग्नाचे दिवशी दोघे वाकले ते देवापुढे. सासूबाईंचे दुखणे बाईंनी दोन वर्षे काढिले तेव्हा पंत डॉक्टरांपुढे वाकले. बाईंपुढे, ऐसे, समोरून, कधी नाही.

बाईंनी हेल्मेटाची काच वर केली. पाहिले. आणि पंतांकडे, म्हणजे उजवीकडे वळून, कमरेतून वाकल्या.

डावा चवडा सुटला. उजवीकडे आधार काही नव्हता. पाकोळी सावकाश, पाहुण्यासारखी, उजव्या कुशीवर निजली. बाई उडी मारून वेगळ्या जाहल्या. मग कोगुरे पोहोचले नाहीत आणि आमानो पोहोचले नाहीत तोच, बाईंनी पाठ गाडीस लाविली, दोन्ही हातांनी मूठ आणि पाठीमागचा दांडा धरिला, आणि मुदपाकखान्याचे पातेले उतरवितात तैसी ती उचलून उभी केली, स्टँड लाविला, आणि मग हेल्मेट काढून गाडीपुढे वाकून तिची माफी मागितली. दोराबाहेर एकाने टाळी वाजविली आणि बायकोने त्यास गप्प केले.

गाडी भुईस टेकली होती. यात वाद नव्हता. राहिला तो कसूर.

आणि येथून जी लढाई माजली ती गाड्यांच्या लढाईहून तुंबळ. प्रथम आमानो पुढे येऊन वाकले आणि कळविते जाहले की जमीन येथे उजवीकडे उतरती आहे, आपण चटई घालावयास हवी होती, सर्व कसूर आपला. मग कोगुरे वाकले की आपण बाईंस रेषेवर फार लवकर थांबविले, सर्व कसूर आपला. मग गुनजी दांडा काखेत घेऊन वाकले की या मुजऱ्यांची सुरुवात सकाळी आपणच केली, सर्व कसूर आपला. किनुयोबाईही घाईत वाकल्या की आपण टाळीसाठी हात वर केले त्याने लक्ष विचलित जाहले, सर्व नाही पण बराचसा कसूर आपला. चौघांचा कसूर मिळून साडेतीनशेच्या घरात गेला. शेवटी तोकिएबाई वाकल्या.

“गाडी माझ्या हातात होती,” बाई म्हणाल्या. “माझ्या हातून पडली. शंभरचे शंभर माझे.”

आणि पंतांकडे न पाहता हातमोजे काढू लागल्या. एकेक बोट सुटे करीत, हळूहळू.

तहनाम्याप्रमाणे लढाई येथेच सरली होती. पाइन वृक्ष छपराखाली आला होता. पंतांनी फक्त होय म्हणायचे होते. सर्वजण त्यांजकडे पाहू लागले. पंतांनी भाताचा गोळा स्टुलावर ठेविला, वही उघडिली, आणि कोरे पान काढिले. मग गुनजींस पुसिले की आपण वाकला तेव्हा बाई हलल्या काय.

गुनजी अवघडले. “खरं सांगू का? नाही हलल्या. दुसऱ्या गाडीवर पण नाही हलल्या. मला थोडं वाईटच वाटलं होतं.”

“मग कधी हलल्या?”

गुनजींनी लाल दांडा उचलिला, आणि मोठ्या संकोचाने, टोक खाली ठेवून, पंतांकडे केला. “तुम्ही वाकलात तेव्हा.”

पंतांनी लिहिले. मग फीत काढिली. दोर ते रेषा, तीन मीटर दहा. रेषेपाशी उतार पाहिला, त्यासाठी संत्रे भुईवर ठेविले, तर ते उजवीकडे हळू घरंगळले. लिहिले. मग पेन बंद करून ते वहीतून वाचावे तैसे बोलले.

“गुनजी-सान शून्य. कोगुरे-सान शून्य. किनुयो-सान, तुमचा तर काही संबंधच नाही. जमिनीचा उतार, दहा. बाकी नव्वद माझे.”

“अहो, मी कबूल केलंय ना,” बाई म्हणाल्या. “शंभर म्हटलं ना मी.”

“जागेवर सभ्यपणानं बोललेलं धरत नाहीत. चौतीस वर्षं नाही धरलं, तुझं कसं धरू?” पंत फीत गुंडाळू लागले. “तू थांबलेली होतीस. थांबलेल्या गाडीला कसूर लागत नाही. जो येऊन धडकतो त्याला लागतो. मी धडकलो.”

“तुम्ही तीन मीटरवर उभे होतात.”

“तीन मीटर दहा.”

तोकिएबाई हातमोजे पुन्हा घालू लागल्या, कारण कळेना. किनुयोबाईंस मात्र राहवेना. त्या म्हणाल्या, “ते सगळं ठीक आहे हो. पण जन्मात न वाकलेला माणूस, आजच वाकलात कशाला?”

पंतांनी फीत खिशात घातली आणि सरोवराकडे पाहिले.

“वारा होता,” ते म्हणाले.

येथे लेखकास नोंद करणे प्राप्त आहे की, वारा त्या दिवशी पश्चिमेचा होता, आणि पंतांचे तोंड पश्चिमेस होते. समोरून येणाऱ्या वाऱ्याने मनुष्य मागे जातो. पुढे वाकत नाही. ही विसंगती किनुयोबाईंच्याही ध्यानी आली होती, आणि आश्चर्य ऐसे की त्या बोलल्या नाहीत.

लढाईत जाया जाहले ते: पाकोळीच्या उजव्या मुठीचे टोक, तांदळाच्या दाण्याएवढे खरचटले, आमानो यांनी सांगितले की तेथे आधीचे दोन दाणे आहेतच, तिसरा शोभतो. तोकिएबाईंचा उजवा गुडघा, हिरवानिळा. संत्रे एक, उताराने जाऊन सरोवरात पडले, ते परत मिळाले नाही. पंतांचे पहिले वचन, चौतीस वर्षे वापरातले, पुरते निकामी. दुसरे वचन शाबूत.

त्याच सायंकाळी पंतांनी स्वहस्ते छपराखाली खडूची रेघ मारिली, आणि पाइनची कुंडी दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडेला नेली. बाईंनी मदतीस हात लाविला, तो त्यांनी लावू दिला. मग बाईंनी मुदपाकखान्यातून निरोपाचे वेळी आणलेली बांबूची चटई बांधून वृक्षास पश्चिमेकडून आडोसा केला, म्हणोन वादळाचे भय पुष्कळ उणे जाहले. आणि रेइवा सातवे साली, तिसऱ्या महिन्यात, पांढरी पाकोळी तिच्या खडूच्या रेघेत येऊन उभी राहिली. तहनाम्याची दिनदर्शिका साल सरले तरी सुगायांच्या भिंतीवरच आहे, पाठ पुढे करून, शिक्के दिसतील ऐसी.

येणेप्रमाणे तोकिएबाई सुगाया यांनी तीन गाड्यांवर स्वारी करून, एक अर्धी पाडून, एक राखून आणि एक पुरती पाडून, छपराखालची जागा शून्य कसुराने फत्ते केली, हे गल्लीस विदित असावे, आणि पुन्हा फळीवर पुसू नये.

कारभारी साहेबांस खात्री करून घेणे असल्यास रोज सकाळी साडेसातास यावे. बाई सरोवराचा एक फेरा करून परततात, तेव्हा पंत वृक्षास पाणी घालीत उभे असतात. बाई रेघेत येतात, इंजिन बंद करितात, स्टँड लावितात, खाली उतरतात, हेल्मेट काढितात. तोवर पंत झारी हाती धरून थांबतात. मग दोघेही वाकतात. लेखनसीमा.